तळघर मुलांच्या खेळासाठी करायचंय? आधी पाणी आणि हवा, रंग सगळ्यात शेवटी

एप्रिल उजाडला की सोलापुरात दुपारी बारा ते पाच मुलांना बाहेर सोडता येत नाही. पारा चाळीसच्या वर गेलेला, स्लॅब तापून रात्री उशिरापर्यंत उष्णता टाकत असतो आणि मुलं कुलरपुढं मोबाईल घेऊन पडलेली. ज्यांच्या घराला तळघर आहे त्यांच्याकडं याच्यावर उत्तर पायाखालीच आहे, कारण जमिनीखालच्या खोलीला थेट ऊन लागत नाही आणि भोवतीची माती तापायला लई वेळ घेते, त्यामुळं भर मे मध्येसुद्धा खाली उतरलं की अंगाला फरक कळतो. पण बहुतेक तळघरांत असतं काय तर जुन्या गाद्या, मोडका पाळणा, लग्नातली भांडी, शेंगांची पोती, नाहीतर चादरीचे गठ्ठे. हे सगळं काढून तिथं मुलांना आणि घरातल्या सगळ्यांनाच बसायला-खेळायला चांगली जागा करता येते. काम फार अवघड नाही, फक्त क्रम चुकवायचा नाही. लोक उलटं करतात, आधी कार्टूनचा वॉलपेपर आणि रंगीत मॅट आणतात आणि पहिल्याच पावसाळ्यात सगळं फुगून वर येतं. म्हणून ज्यांनी असलं काम कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी सगळं सुरुवातीपासून लिहितोय.

आपलं तळघर कुठल्या जातीचं आहे ते ओळखा

जुन्या पेठांमधल्या घरांना दगडी भिंतींचं, बुटकं, एखाद्या झरोक्याचं तळघर असतं. पूर्व भागात जिथं घर आणि कारखाना एकत्र आहे तिथं खाली सूत आणि टॉवेल-चादरीचा माल ठेवायची जागा असते. आणि होटगी रोड, विजापूर रोड, जुळे सोलापूर या बाजूच्या नव्या बंगल्यांना आरसीसीचं, अर्धं जमिनीवर अर्धं खाली असं तळघर असतं. हे तिसरं सगळ्यात सोपं, कारण वरच्या बाजूला खिडक्या मिळतात. पहिल्या प्रकारात मात्र हात लावायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवाच, तिथं काटकसर नको. त्या जाड दगडी भिंतीच सगळा भार घेतात, खिडकी मोठी करायला म्हणून चार दगड काढले की वरच्या मजल्यापर्यंत चिरा जातात. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंतींच्या घरांनीच जास्त जीव घेतले, धक्के आपल्याकडंही चांगलेच बसले होते, घरातल्या मोठ्यांना विचारा. तेव्हा भिंत जाड आहे म्हणजे भक्कम आहे असं धरून चालू नका.

टेप घेऊन उंची मोजा. फरशीपासून छताच्या खालच्या बाजूपर्यंत निदान २.४ मीटर, म्हणजे आठ फुटाला जरा कमी, एवढी तळघराची उंची हवी, आणि बीम खाली आलेला असेल तर बीमखाली वेगळं माप घ्या. त्याच्यापेक्षा कमी असेल तर मुलांना चालेल पण मोठ्यांचं डोकं आपटतं आणि हवा कोंडते.

परवानगीचं पण आत्ताच बघून घ्या. मंजूर नकाशात तळघर म्हणून काय दाखवलंय ते काढा. राज्याची जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० मध्ये आली त्यात तळघराचा वापर पार्किंग, सामान, मशिनरी अशा गोष्टींसाठी धरलेला आहे, झोपायची खोली किंवा स्वयंपाकघर म्हणून नाही. म्हणून तिथं बेड टाकून भाडेकरू ठेवणं, किचन ओटा करणं असले विचार सोडून द्या. घरच्या मुलांनी दुपारी खेळायची मोकळी जागा आणि राहायची खोली यात फरक आहे, तरी भिंत पाडणार असाल, नवीन खिडकी-जिना काढणार असाल तर महापालिकेच्या बांधकाम परवाना विभागात किंवा तुमच्या लायसन्सधारक आर्किटेक्टकडं विचारूनच पुढं जा. अपार्टमेंटचं तळघर असेल तर ते सोसायटीचं पार्किंग आहे, तिथं हा लेख लागू नाही.

एक पावसाळा नुसतं बघा

हे वाचून लोकांना कंटाळा येतो पण सगळ्यात जास्त पैसे इथंच वाचतात. सोलापूरचा पाऊस जूनमध्ये फसवतो, जोर असतो सप्टेंबरमध्ये आणि परतीच्या पावसात. ऑक्टोबर २०२० मध्ये एका रात्रीत केवढा पाऊस झाला होता ते सगळ्यांना आठवत असेल. जुलैत तळघर कोरडं दिसलं म्हणून गवंडी बोलावू नका, दसऱ्यापर्यंत थांबा. तोपर्यंत सामान बाहेर काढा, भिंती मोकळ्या करा आणि दर मोठ्या पावसानंतर खाली जाऊन मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कुठल्या भिंतीला, जमिनीपासून किती उंचीवर ओल आली ते खडूनं रेघ मारून तारीख टाका. दोन महिन्यांत त्या भिंतीच तुम्हाला सगळं सांगतील.

ओल दोन प्रकारची असते आणि दोन्हींचा इलाज वेगळा, म्हणून ही साधी टेस्ट करा. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा दीड बाय दीड फुटाचा तुकडा घ्या, फरशीवर एक आणि भिंतीवर एक असा चारही बाजूंनी पॅकिंगच्या टेपनं घट्ट चिकटवा, हवा आत जाता कामा नये. दोन दिवस तसाच ठेवा. काढताना आधी वरच्या बाजूला हात फिरवा, मग उलटा करून बघा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब जमलेले असतील किंवा खालचा कोबा काळपट पडला असेल तर ओल जमिनीतून येतेय. आतली बाजू कोरडी आणि खोलीकडची बाजू दमट असेल तर ती हवेतली ओल आहे, बाहेरची दमट हवा थंड भिंतीला लागून तिथं पाणी सुटतंय. पहिल्याला वॉटरप्रूफिंग लागतं, दुसऱ्याला फक्त हवा खेळती ठेवायला लागते, आणि हे न बघता हजारो रुपयांचं केमिकल मारणारे लई लोक आहेत.

भिंतीवर पांढरी पावडर फुटलेली दिसली तर तो लोणा. पाणी भिंतीतून येताना क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात. त्याच्यावर रंग मारून उपयोग नाही, पोपडे धरून रंग खाली येतो.

पाणी येतंय कुठून

सोलापुरात तळघराच्या ओलीचं पहिलं संशयित ठिकाण म्हणजे आपलाच हौद. पाणी रोज येत नाही, तीन-चार दिवसांआड, कधी पाच दिवसांनी येतं, त्यामुळं घरोघरी जमिनीखाली मोठा हौद असतो आणि जागा वाचवायला तो बऱ्याचदा तळघराच्या भिंतीला चिकटून बांधलेला असतो. वर्षानुवर्षं तो थोडा थोडा झिरपत राहतो आणि मालक म्हणतो जमिनीला पाझर आहे. तपासायचं कसं तर पाणी आलं त्या दिवशी हौद काठोकाठ भरा, वरची टाकी पण भरून घ्या म्हणजे दिवसभर हौदाचं पाणी लागणार नाही, मग कॉक बंद, मोटर बंद, आणि पाण्याच्या रेघेवर हौदाच्या आतल्या भिंतीवर ऑइलपेंटच्या पेन्सिलीनं खूण करा. झाकण लावून चोवीस तासांनी बघा. झाकलेल्या हौदातलं पाणी एका दिवसात उडून फारसं कमी होत नाही, तेव्हा बोटभर जरी उतरलेलं दिसलं तरी हौद गळतोय असं समजा. मग तळघराच्या भिंतीला हात लावायच्या आधी हौद रिकामा करून आतून दुरुस्त करायचा. आमच्या ओळखीच्या एका घरात तळघराला दोनदा वॉटरप्रूफिंग झालं होतं आणि ओल काही जात नव्हती, शेवटी हौदाच्या पाईपचा जोड आतून सुटलेला निघाला.

दुसरं बघायचं वरचं बाथरूम आणि मोरी. बाथरूममध्ये बादलीभर पाण्यात खायचा लाल रंग कालवून जाळीत ओता आणि दोन-तीन तासांनी खाली छताला लाली दिसतेय का बघा. दिसली तर नहाणी ट्रॅपचं, म्हणजे जाळीखालच्या पाणी जायच्या भांड्याचं काम आधी.

तिसरं घराच्या बाहेर. गच्चीवरच्या पावसाच्या पाईपचं तोंड थेट भिंतीच्या पायथ्याशी सोडलेलं असतं, ते पाईप जोडून लांब न्या. भिंतीला लागून केळ, कर्दळ, जास्वंद लावलेली असते आणि रोज पाईप लावून पाणी सोडलेलं असतं, ती झाडं चार-पाच फूट सरकवा. भिंतीच्या कडेनं दोन-अडीच फूट रुंदीचा कोबा करा, ढाळ घराच्या उलट्या दिशेला. एवढं केलं तरी निम्म्या घरांची ओल कमी होते असं माझं ठाम मत आहे, आणि खर्च आतल्या केमिकलपेक्षा कमीच येतो.

काळ्या मातीत घर असेल तर अजून एक. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, तळघराच्या भिंतीला ती दरवर्षी ढकलते आणि सोडते. म्हणून भिंतीला चीर असेल तर ती जुनी, थांबलेली आहे का अजून हलतेय ते कळलं पाहिजे. गवंड्याला सांगून चिरेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटनं बसवा आणि तारीख लिहा. पट्टी पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही टिकली तर चीर थांबलेली, तडकली तर भिंत हलतेय, मग लांबी (पुट्टी) भरून झाकू नका, इंजिनिअरला दाखवा.

वॉटरप्रूफिंग: दिवाळीनंतर सुरू करा

दिवाळी झाली की फेब्रुवारीपर्यंत हवा कोरडी असते, काम वाळायला वेळ मिळतो आणि एप्रिलच्या आत जागा तयार होते.

घर बांधतानाच बाहेरच्या बाजूनं शहाबादी फरशीचं बॉक्स वॉटरप्रूफिंग केलेलं असतं तर प्रश्नच नव्हता, पण आता बाहेरून खणता येत नाही, म्हणून आतून करायचं. आतून करताना एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, पाणी भिंतीच्या मागून ढकलत असतं, त्यामुळं वरून चिकटवलेला कुठलाही रबरी किंवा प्लॅस्टिकसारखा थर ते सोलून काढतं. तिथं सिमेंटमधलाच माल लागतो, पॉलिमर मिसळलेलं सिमेंट कोटिंग नाहीतर भिंतीच्या आत जाऊन बसणारं क्रिस्टलाइन कोटिंग. दुकानदार डॅम्पप्रूफ पेंट घ्या म्हणतील, ते इथलं काम नाही.

काम असं चालतं. ओलीची जी खडूची रेघ आहे तिच्या वर निदान एक फुटापर्यंत जुना गिलावा पूर्ण काढायचा, मूळ भिंत दिसली पाहिजे. तारेच्या ब्रशनं लोणा घासून काढायचा, पाण्यानं धुवायचं. चिरा छिन्नीनं व्ही आकारात उघडून पॉलिमर मॉर्टरनं भरायच्या. जिथून धार लागते तिथं लगेच घट्ट होणारं प्लगिंगचं सिमेंट. मग भिंत आणि जमीन जिथं मिळते त्या कोपऱ्यात सगळीकडून वाटा मारून घ्या, म्हणजे काटकोन राहणार नाही, गोलाई येईल, कारण सगळ्यात आधी पाणी या सांध्यातूनच वर येतं आणि गवंडी घाईत असला की हेच सोडतो, तुम्ही समोर उभं राहा. मग भिंत ओली करून, वर पाणी साचलेलं नाही अशा अवस्थेत पहिला हात आडवा, तो सुकला की दुसरा हात उभा. वरून गिलावा, आणि गिलाव्याला निदान सात दिवस पाणी मारायचं. त्यानंतर तीन-चार आठवडे काही करू नका. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, भिंत आतून वाळू दे. या काळात वायरिंगवाल्यालासुद्धा भिंतीत खिळे मारू देऊ नका, केलेलं कोटिंग तो फोडून ठेवतो.

जिथं पावसाळ्यात पाणी साचायचा इतिहास आहे तिथं एका कोपऱ्यात दोन बाय दोन फुटाचा खड्डा करून फ्लोटवर आपोआप चालू होणारा छोटा पंप बसवा आणि जमिनीचा ढाळ त्या कोपऱ्याकडं द्या. खड्ड्यावर लोखंडी जड झाकण, मुलांना उचलता येणार नाही असं, बोल्ट लावून. संडास-बाथरूम खाली करायचा मोह टाळा, मोठ्या पावसात रस्त्यावरची ड्रेनेज लाइन तुंबली की ते पाणी सगळ्यात खालच्या भांड्यातून घरात येतं.

हवा

एका बाजूला वर छताजवळ एक्झॉस्ट फॅन आणि समोरच्या बाजूला, जमेल तितकी खाली, हवा आत यायला जाळीची खिडकी किंवा पाईप. दोन्ही एकाच भिंतीला बसवले तर हवा तिथल्या तिथं फिरते आणि लांबचा कोपरा कोंदटच राहतो. जमिनीलगतच्या खिडकीला बाहेरून सहा ते नऊ इंच उंच कठडा बांधा, नाहीतर अंगणातलं पाणी आत येतं. बारीक स्टीलची जाळी लावाच, डासांसाठी पण आणि आपल्याकडं विंचू-सापांसाठी पण.

तळघरात कुलर लावू नका. सोलापूरकराला हे ऐकायला जड जातं पण कुलर हवेत पाणी सोडून गारवा देतो, त्याला ती दमट हवा बाहेर जायला उघडी वाट लागते, बंद तळघरात दोन दिवसांत भिंती दमट होतात आणि आठवड्याभरात बुरशीचा वास येतो. खाली गारवा आधीच आहे, नुसता पंखा पुरतो. पण उंची कमी असेल तर सिलिंग फॅन नको, मुलं एकमेकांना खांद्यावर घेतात, भिंतीवरचा जाळीचा पंखा घ्या. पावसाळ्यात उलटं करायचं, दिवसभर खिडक्या सताड उघड्या ठेवल्या तर बाहेरची दमट हवा येऊन थंड भिंतीला घाम फुटतो, तेव्हा पाऊस नसताना थोडा वेळ एक्झॉस्ट चालवा आणि बाकी वेळ बंद ठेवा, फारच दमट असेल तर डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं मशीन.

हवेच्याच अनुषंगानं, या गोष्टी तळघरात कुठल्याही परिस्थितीत नकोत. गॅस सिलिंडर, भरलेला असो नाहीतर रिकामा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचून राहतो आणि एका बटणाच्या ठिणगीनं पेटतो. जनरेटर, शेगडी, कोळसा, कारण त्याच्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी, चार्जिंग होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी चार्जिंगला. थिनर, रॉकेल, कीटकनाशकं, शेतीची औषधं. आणि डासांची कॉइल. यातलं एक जरी खाली ठेवायला लागत असेल तर मुलांना तिथं खेळायला पाठवू नका, आधी त्याची दुसरीकडं सोय करा.

लाइट

खालच्या लाइनला वेगळा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घ्या. दमट जागेत मूल वायरला चिकटलं तर हा आरसीसीबी क्षणात करंट तोडतो, साधा एमसीबी तोडत नाही, हा फरक वायरमनकडून समजून घ्या आणि अर्थिंग मोजून दाखवायला सांगा. वायरिंग छताकडून, पट्टीतून, जमिनीतून नाही. बोर्ड साडेचार फुटाच्या वर आणि सॉकेट शटरवाले. जिन्याचा दिवा वरून आणि खालून दोन्हीकडून लागला पाहिजे. एक दिवा आणि एक्झॉस्ट इन्व्हर्टरवर टाका, लाइट गेली की अंधारात मुलं जिन्याकडं पळतात आणि तिथंच पडतात. एकच मोठा दिवा लावण्यापेक्षा चार-सहा छोटे लावा, कोपरे अंधारे राहिले की लहान मुलं खाली जायला तयार होत नाहीत.

जिना आणि दार

जुन्या घरांचे जिने उभे असतात. नवीन करत असाल तर पायरी १९० एमएमपेक्षा उंच नको आणि पाय ठेवायला २५० एमएम तरी जागा हवी. जुनाच ठेवणार असाल तर दोन्ही बाजूंना हाताला धरायला पाईप, एक मोठ्यांच्या उंचीला आणि एक मुलांच्या, आणि पायरीच्या कडेला खरखरीत पट्टी. कठड्याच्या गजांमधलं अंतर चार इंचांपेक्षा कमी ठेवा, त्यात डोकं अडकता कामा नये. रांगणारं बाळ घरात असेल तर जिन्याच्या वरच्या तोंडाला छोटं फाटक. आणि दाराला बाहेरून लावायची कडी असेल तर ती आजच काढून टाका. मुलं खेळात एकमेकांना कोंडतात, मोठी माणसं आत कोणी नाही समजून कडी लावून गावाला जातात, दोन्ही प्रकार घडतात. दार दोन्ही बाजूंनी उघडणारं हवं.

भिंत, फरशी, रंग

आता कुठं सजावटीला आलो. जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडं नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं भरपूर असू शकतं आणि घासलेली ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. ओलं करून खरवडा, मास्क लावा, कचरा पिशवीत बांधा, आणि हे काम चालू असताना मुलं आणि गरोदर बाई घरात त्या बाजूला नकोत.

पीओपी आणि जिप्सम तळघरात नको, ओल लागली की फुगतं. सिमेंटची पुट्टी चालते. दगडी भिंतींना मी तरी साधा चुनाच सांगेन, भिंतीतली वाफ बाहेर पडू देतो, बुरशी धरत नाही, दरवर्षी दिवाळीला एक हात मारला की पुन्हा पांढरीशुभ्र. आरसीसीच्या कोरड्या भिंतीला इमल्शन. वॉलपेपर अजिबात नको. छत पांढरंच ठेवा. मुलांना भिंतीवर चित्रं काढायची असतात, तर एका भिंतीला चार फुटांपर्यंत खडूचा काळा फळा करून द्या, बाकीच्या भिंती वाचतात.

लाकडाच्या कामाला वाळवीचा विचार आधी. साधं कमर्शियल प्लायवूड खाली टिकत नाही, घ्यायचंच असेल तर आयएस ७१० चा शिक्का असलेलं मरीन प्लाय घ्या, नाहीतर पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिळून केलेला) बोर्ड, त्याला वाळवी लागत नाही. कुठलंही कपाट भिंतीपासून दोन इंच सुटं आणि पायावर उभं असू दे, मागून हवा गेली पाहिजे. आणि कपाट उंच असेल तर वरून एल पट्टीनं भिंतीला बांधा, मुलं खणांची शिडी करून वर चढतात आणि कपाट अंगावर येतं.

खाली शहाबादी फरशी असेल तर ती काढू नका, पॉलिश करून घ्या, गार राहते आणि ओल पण सोसते. टाइल बसवणार असाल तर मॅट फिनिश. भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेलं कार्पेट तळघरात म्हणजे खालून बुरशीची शेती. त्यापेक्षा इंटरलॉकिंगचे फोमचे मॅट, २० एमएम जाडीचे, खेळायच्या भागापुरते टाका आणि आठवड्यातून एकदा उचलून फरशी पुसून घ्या. बसायच्या जागेला आपल्या सोलापुरी चादरीसारखं दुसरं काही नाही, जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला माल आहे, मुलांनी त्याच्यावर दूध सांडू दे, रंग सांडू दे, मशीनमध्ये टाकली की झालं. दोन चादरी दुमडून खाली जाड सतरंजी घातली की आजी-आजोबांना पण टेकून बसता येतं.

जागेची वाटणी

सगळी जागा खेळण्यांनी भरू नका, मधला भाग मोकळा ठेवा, मुलांना पळायला जागा लागते, खेळणी दोन दिवसांत जुनी होतात. कॅरम बोर्ड स्टँडवर ठेवून चौघं बसले की साधारण सहा बाय सहा फूट जातात. टेबल टेनिसचं टेबल ९ बाय ५ फुटाचं असतं आणि चारी बाजूंनी पाच-सहा फूट तरी हवेत, त्यामुळं बऱ्याच तळघरांत ते बसत नाही, मुलांच्या हट्टापायी आणू नका. सागरगोटे, सापशिडी, पत्ते, भोवरा यांना काहीच जागा लागत नाही.

झोपाळा हवाच असेल तर हुक बीममध्ये किंवा स्लॅबच्या सळईला धरून बसवायचा, गिलाव्यात रॉलप्लग (स्क्रू धरायची प्लॅस्टिकची खुंटी) मारून नाही. झोका घेताना भार वजनापेक्षा बराच जास्त येतो आणि एका झोपाळ्यावर चार मुलं बसतातच. बसवल्यावर आधी दोन मोठ्या माणसांनी बसून जोरात झोका घेऊन बघा. झोपाळ्याच्या पुढं-मागं सहा फूट रिकामं आणि खाली फोमचे मॅट.

अगदी लहान मुलांचा कोपरा जिन्यापासून लांब, पण जिन्यावरून दिसेल असा. वरच्या स्वयंपाकघरात आवाज ऐकू जाईल अशी सोय ठेवा, दाराला वर जाळी ठेवली तरी पुरते. खाऊ खाली न्यायचा नाही असा नियम पहिल्या दिवसापासून लावा, भडंग-चिवडा सांडला की मुंग्या, मग झुरळं, मग उंदीर, आणि शेंगांचं पोतं तर तळघरातून कायमचं वर हलवा.

दरवर्षी मृग लागायच्या आधी

मे संपताना एक रविवार याला द्या. पावसाच्या पाईपांची तोंडं साफ करा, बाहेरच्या कोब्याला भेग पडली असेल तर भरा. खड्ड्यातल्या पंपात दोन बादल्या पाणी ओतून तो आपोआप चालू होतो का बघा. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, ते खरं तर महिन्यातून एकदा दाबायचं असतं. हौदाची खूण करून चोवीस तासांची तपासणी परत करा. एक्झॉस्टच्या पात्यांवरची धूळ काढा, कारखान्याजवळ घर असेल तर सुताचा कापूस त्यात अडकतो आणि मोटर गरम होते, अशा घरांनी हे दर महिन्याला करावं. मॅट सगळे गच्चीवर नेऊन धुवा आणि सावलीत वाळवा, कडक उन्हात फोम आकसतो आणि मग एकात एक बसत नाही.